क्रॅपी : विणीचा हंगाम व काठावरून गरवणे

क्रॅपी हे उत्तर अमेरिकेतील तळी, जलाशय व संथ नद्यांत आढळणाऱ्या पोमोक्सिस प्रजातीतील गोड्या पाण्याच्या माशांचे नाव. जाती दोन. पांढऱ्या क्रॅपीच्या अंगावर उभे पट्टे असतात, काळीच्या अंगावर विस्कटलेले ठिपके. विणीच्या दिवसांत नर इतका काळवंडतो की रंगावरून जात ओळखू गेले तर फसगत होते. पाठीवरच्या परातले काटे मोजणे बरे. पांढरीला ते बहुधा ६ असतात, काळीला ७ किंवा ८.

एरवी खोल पाण्यात वावरणारा हा मासा वसंतात अंडी घालायला उथळ पाण्यात येतो. तेवढ्या दिवसांपुरती काठावरून गरवणाऱ्याची आणि होडीवाल्याची बरोबरी होते.

पाणी १०–१३ अंश सेल्सिअसला पोहोचले की थवे ओढ्यांच्या मुखांकडे सरकू लागतात. प्रत्यक्ष वीण साधारण १६ ते २० अंशांत होते. मेक्सिकोच्या आखाताकाठच्या राज्यांत ती फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकू लागते, टेनेसी-केंटकीत एप्रिल उजाडतो, तर मिनेसोटात मे-जून. दक्षिणेत डॉगवुडची झाडे फुलली की क्रॅपी काठाला लागली, असे मानतात. ठोकताळा वाईट नाही. पण थंडीची लाट आली तर फुले झाडावरच राहतात आणि मासे मात्र पुन्हा खोलात जातात. खिशातला तापमापक जास्त भरवशाचा.

जागा शोधताना जलाशयाचा उत्तरेकडचा काठ आधी धरावा. सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने त्या काठावर ऊन थेट पडते, शिवाय उत्तरेचा गार वाराही तिथे अडतो. आत शिरलेल्या फाट्यांची टोके, धरणाच्या भिंतीलगतचे तापणारे दगड, बुडालेली झुडपे, खुंट, लव्हाळे, लाकडी धक्क्यांचे खांब ही नेहमीची ठिकाणे. खोल मऊ गाळापेक्षा वाळू, बारीक खडी किंवा घट्ट माती असलेला तळ चांगला. गढूळ पाण्यात घरटी दोन-तीन फुटांवरही सापडतात, नितळ पाण्यात बरीच खोल. नर तळ झाडून घरटे करतो आणि अशी घरटी जवळजवळ असतात. म्हणून एक मासा लागला की लगेच जागा बदलू नये. मादी अंडी घालून निघून जाते, राखण नर करतो. अंडी दोन ते पाच दिवसांत फुटतात.

नवखा माणूस पायापुढचे पाणी ओलांडून गरी लांब फेकतो, आणि मासे असतात त्याच्या पायाशीच. आधी काठाला समांतर गरवावे. क्रॅपी वरचे भक्ष्य टिपते. आमिष तिच्या खाली गेले तर वाया गेले. म्हणून १/१६ औंसाची जिग (शिशाचे डोके असलेला, बनावट आमिषाचा गळ) किंवा जिवंत मिनो मासोळी बुचाखाली, तळापासून थोडी वर लोंबती ठेवतात. ओठाची कातडी कागदासारखी पातळ असते. जोराचा हिसका दिला की ती फाटून मासा सुटतो.

१८११–१२ च्या भूकंपांत तयार झालेले टेनेसीतील रीलफूट सरोवर पाण्यातल्या सायप्रस वृक्षांमुळे आणि त्यांच्या खुंटांमुळे या माशासाठी प्रसिद्ध आहे. पांढऱ्या क्रॅपीचा विक्रम मात्र मिसिसिपीतील ईनिड धरणावरचा : ५ पौंड ३ औंस, १९५७.

घरट्यावरचा नर उचलला की राखणीविना उरलेली अंडी इतर मासे खाऊन टाकतात. तरीही बहुतेक राज्ये विणीत मासेमारी बंद करत नाहीत. परवाना, दिवसाकाठी किती मासे न्यायचे याची मर्यादा आणि अनेक जलाशयांवर किमान लांबीची अट, एवढ्यावर भागवतात.