काच उचलली की झाड उगवतं

परवा एका व्हिडिओत काचेवरून कापडावर घेतलेली छाप बघितली. नेच्याच्या पानासारखी नाजूक नक्षी, आणि निवेदक भारावून सांगत होता, "हे निसर्गाचं सुवर्ण गुणोत्तर!" नक्षी खरी होती, गुणोत्तर ही शुद्ध थाप. कुठेही फांदी दिसली की या गुणोत्तराचा १.६१८ हा आकडा चिकटवायची आता साथच आलीय.

करून बघायला फार काही लागत नाही. गुळगुळीत काचेवर अ‍ॅक्रिलिक रंगाचा टपोरा थेंब टाका, वर दुसरी काच दाबा आणि सरळ वर उचला. दोन्ही काचांवर झाड उमटलेलं दिसेल. लगेच त्यावर सुती कापड ठेवून तळहाताने हलकेच चोळा. छाप एकच नीट मिळते, म्हणून हे मोनोप्रिंट.

झाड येतं कुठून? काच उचलताना मधली फट वाढते, पण रंग तेवढाच असतो. त्यामुळे त्याची चकती आकसते आणि कडेने हवा आत शिरते. पातळ हवा दाट रंगाला मागे रेटू लागली की त्यांची सीमा गोल राहूच शकत नाही. समजा एका जागी हवा केसभर पुढे गेली. त्या टोकासमोर रंगातल्या दाबाचा उतार जास्त तीव्र असतो, म्हणून तिथला रंग शेजारच्यापेक्षा भरभर मागे सरतो आणि टोक आणखी पुढे घुसतं. हवेची बोटंच फुटतात म्हणा ना! पृष्ठताण बारीक सुरकुत्या पुसत असतो. या ओढाताणीत बोटाची जाडी ठरते: ती फटीच्या प्रमाणात, आणि पृष्ठताणाला श्यानता (म्हणजे रंगाचा दाटपणा) आणि वेग यांच्या गुणाकाराने भागून जे येतं, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून सीमेचा वेग चौपट झाला, तर बोटं निम्म्याने बारीक. फिलिप सॅफमन आणि जेफ्री टेलर यांनी १९५८ मध्ये हे गणित मांडलं, तेव्हा प्रश्न चित्रांचा नव्हता. जमिनीखालच्या दाट तेलाला पाण्याने ढकलताना पाणीच मधून का निसटतं, हा होता.

आपल्याला दिसतं ते झाड मात्र हवेचं नव्हे, बोटांच्या मधे उरलेल्या रंगाचं. म्हणून डहाळ्या कडेला आणि खोड मध्याकडे.

कापड या खेळात जरा खोडा घालतं. दुसऱ्या काचेऐवजी कापडच रंगावर ठेवून उचललं तर विणीतून हवा शिरते आणि बोटं धड फुटत नाहीत. एकदा रंग वाळू नये म्हणून मी कापड चिंब भिजवून घेतलं. केशाकर्षणाने सगळ्या फांद्या धाग्याधाग्यातून पसरल्या आणि झाडाचा ढग झाला. तेव्हापासून कोरडं, घट्ट विणीचं कापड.

छाप पक्की व्हावी म्हणून काहीजण ती व्हिनेगरमध्ये बुडवतात. त्याचा इथे काही उपयोग नाही. अ‍ॅक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो. ओला रंग किंचित दुधट आणि वाळल्यावर गडद दिसतो तो यामुळेच. पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवली तर उरलेले कण एकजीव व्हायला मदत होते.

काच मात्र लगेच धुऊ नका. पाण्याचा बारीक फवारा मारून दुसरं कापड ठेवा. माझ्या या फिकट छापांत बहुतेक वेळा नुसती खोडं उमटतात. डहाळ्या पहिल्या कापडाने नेलेल्या असतात.