गिऱ्हाईक पानावर टिकते ते कशामुळे?

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये आलेले गिऱ्हाईक चप्पल हातात घेऊन वेणी न्याहाळते, तळ वाकवून पाहते आणि दुकानदार दुसरे माप आणेपर्यंत थांबतेही. तेच गिऱ्हाईक त्याच दुकानाच्या संकेतस्थळावरून काही सेकंदांत निघून जाते, तेव्हा रंग अधिक भडक हवे होते किंवा चित्रे हलती हवी होती असे मालकाला वाटू लागते. माझ्या मते दोष बहुधा सजावटीत नसून विनाकारण ताटकळत ठेवण्यात असतो.

संगणकापुढे माणूस किती वेळ धीर धरतो, याचा विचार संशोधक रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये मांडला आणि संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये त्याला सुटसुटीत रूप दिले. प्रतिसाद ०.१ सेकंदात आला तर तो तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर लक्ष दुसऱ्या कामाकडे वळते.

आता आपल्या दुकानाचा हिशेब करू. मोबाइलवर काढलेले प्रत्येकी ४ मेगाबाइटचे १२ फोटो जसेच्या तसे पानावर चढवले, तर ४८ मेगाबाइट, म्हणजेच (एका बाइटमध्ये ८ बिट धरून) ३८४ मेगाबिट माहिती उतरवावी लागते. सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या जोडणीवर त्याला ३८ सेकंदांहून अधिक वेळ लागतो. मूळ फोटोत ४००० × ३००० म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके (पिक्सेल) असतात, तर फोनच्या पडद्याला १२०० × ९०० म्हणजे ११ लाखांहून कमी ठिपके सहसा पुरतात. फोटो त्या आकाराचे करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात साठवावेत आणि खालचे फोटो वाचक तिथवर पोचण्याच्या बेतात असतानाच मागवावेत. मोठा खर्च न करता होणारी ही सुधारणा मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

उशिरा येणारा फोटो आणखी एक त्रास देतो. त्याची जागा आधी राखून ठेवलेली नसेल, तर तो उमटताच खालचा मजकूर सरकतो आणि बोट भलत्याच बटणावर पडते. डोळ्याला सुस्पष्ट दिसणारा भाग जेमतेम २ अंशांचा असल्यामुळे नजर पानावर उड्या मारत, खुणा लक्षात ठेवत पुढे जाते. मजकूर हलला की त्या खुणा पुसल्या जातात आणि शोध पुन्हा सुरू करावा लागतो. फोटोची लांबी-रुंदी पानाच्या कोडमध्ये नोंदवली की ब्राउझर तेवढी जागा मोकळी ठेवतो.

देवनागरीचा प्रश्न थोडा निराळा आहे. वेलांट्या आणि रफार शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराखाली येत असल्याने रोमन लिपीसाठी ठरवलेले ओळींमधले अंतर मराठीला अपुरे पडते. फिकट करड्या अक्षरांनी ही दाटी अधिकच जाचक होते. म्हणून अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांसह सर्वांना संकेतस्थळ वापरता यावे यासाठीचे, आंतरराष्ट्रीय निकष सांगतात.

पान खाली सरकवत राहिले तरी न संपणारी यादी लावून वाचकाला खिळवून ठेवण्याची युक्तीही प्रचलित आहे, पण चप्पल विकणाऱ्याने ती वापरू नये. त्याच्या गिऱ्हाइकाला पावलाची लांबी कशी मोजायची, त्यावरून कोणते माप निघते, चामडे कोणते आहे आणि माप चुकल्यास चप्पल बदलून मिळेल का, एवढे कळायला हवे. ही माहिती किमतीच्या शेजारीच द्यावी.