चटई कुठवर, बांधीव कुठून: महाविद्यालयाचं क्षेत्रफळ भरण्याआधी

महाविद्यालयाच्या मान्यतेचे, मूल्यांकनाचे फॉर्म भरायचे दिवस आले की बार्शी, पंढरपूर, सांगोला, कुठून ना कुठून फोन येतोच. "मॅडम, एरिया किती घालू?" मी विचारते, "कुठला? चटई क्षेत्र का बांधीव?" पलीकडे क्षणभर शांतता. मग, "एरिया हो. इमारतीचा."

सोलापुरात महाविद्यालयाच्या कार्यालयात इतकी वर्षं काढल्यावर या "एरिया हो"चा मला मनस्वी कंटाळा आलाय. चटई म्हणजे थोडक्यात खोलीच्या आतली जमीन, बांधीव म्हणजे भिंती-व्हरांडे धरून.

बारीकसारीक गोष्टी आधी उरकते. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला परिसर एकरात हवा असतो. एक एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. एवढं कॅल्क्युलेटरला जमतं, त्यासाठी बैठक लावू नका.

खरी अडचण वेगळी आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी जुळे सोलापूरकडे नाहीतर विजापूर रोडला फ्लॅट घेतलाय, किमान बघून तरी आलाय. कार्पेट, म्हणजेच चटई क्षेत्र, काय ते बिल्डरनं तुम्हाला शिकवलंय आणि तेच डोक्यात पक्कं बसलंय. पण ते २०१६ च्या रेरा कायद्यातलं, घरखरेदीसाठीचं कार्पेट. त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळतात, घरातल्या आतल्या भिंतींची जाडी मात्र धरतात. इमारतींच्या मोजमापासाठी भारतीय मानक ३८६१ आहे. त्यात चटई क्षेत्र म्हणजे वापराच्या खोल्यांची भिंतीपासून भिंतीपर्यंतची जमीन. भिंत आतली असो वा बाहेरची, बाद. व्हरांडा बाद, बोळ बाद, जिना बाद. वर्गखोल्या आणि प्रयोगशाळा मोजायच्या त्या अशा. फ्लॅटचं कार्पेट कॉलेजात आणू नका.

त्यातून मराठीनं आपला आणखी एक घात केलाय. प्लॉटवर किती बांधता येईल ते ठरवणाऱ्या एफएसआयला आपण "चटई क्षेत्र निर्देशांक" म्हणतो, आणि तो काढतात बांधीव क्षेत्रावर! महापालिकेनं मंजूर केलेल्या नकाशावर हा शब्द दिसला की लिपिक त्याखालचा आकडा उचलतो आणि चटई क्षेत्राच्या रकान्यात बसवतो. त्याची चूक म्हणवत नाही. ज्यानं कुणी हे भाषांतर केलं, त्याला मात्र एकदा भेटायचंय.

नवीन मुलांना मी आधी सांगायची, "जिथं चादर अंथरून झोपता येतं ते चटई क्षेत्र." सोलापूरकरांना हे लगेच पटतं. पण एका मुलानं विचारलं, "मॅडम, मे महिन्यात तर आम्ही व्हरांड्यातच झोपतो की." तेव्हापासून ही युक्ती सोडून दिली. घोटाळा होतो तो व्हरांड्यातच.

आमच्या जुन्या दगडी इमारतीतली कडेची एक खोली घ्या. आमच्या शिपाई मामांनी टेपचं टोक धरलं, मी आकडे लिहिले. आतून ३० बाय २४ फूट, म्हणजे ७२० चौरस फूट, ६६.९ चौरस मीटर. हे चटई क्षेत्र. भिंती दीड फुटी. त्या धरून बाहेरून ३३ बाय २७, म्हणजे ८९१ चौरस फूट, ८२.८ चौरस मीटर. समोर आठ फुटी व्हरांडा, वर छप्पर, कडेला कठडा. तो बांधीव क्षेत्रात पूर्ण धरायचा. झाले १,१५५ चौरस फूट, १०७.३ चौरस मीटर. खोली तीच, फळा तोच. (शेजारी खोली असेल तर मधली भिंत दोनदा मोजू नका.)

आता ते लाडकं "सव्वापट" बघा. चटई गुणिले १.२५ की झालं बांधीव, असं छातीठोकपणे सांगणारे प्राध्यापक मला भेटलेत. या खोलीला सव्वापट लावलं तर ८३.६ येतं, म्हणजे भिंतींपुरतं जवळपास बरोबर. व्हरांडा आला की तेच प्रमाण १.६ होतं. दगडी भिंतीच्या, उन्हापासून वाचायला व्हरांडे काढलेल्या इमारतींना फ्लॅटचा गुणक लावणं हा निव्वळ आळस आहे.

आणि विचारणारे दोन्ही विचारतात. नॅकच्या स्वमूल्यमापन अहवालात परिसर एकरात आणि बांधीव क्षेत्र चौरस मीटरमध्ये. एआयसीटीईला, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेला, हवं चटई क्षेत्र, खोलीनिहाय. अभियांत्रिकीची वर्गखोली ६६ चौरस मीटर, ट्युटोरियलची ३३. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीएही एआयसीटीईकडे गेले आणि आयुष्यभर नॅकचेच आकडे लिहिलेली साधी कला-वाणिज्य महाविद्यालयं या रकान्यासमोर येऊन उभी राहिली. मागच्या फाइलमधून आकडा उचलायची सवय तिथं नडते.

एका तपासणीला मी हजर होते. कागदावर त्या वर्गखोलीचं चटई क्षेत्र १०७ लिहिलेलं. समितीतल्या एका सरांनी खिशातून लेझर मीटर काढला, दोनदा बटण दाबलं आणि वर न बघता म्हणाले, "सदुसष्ट." पुढचे दोन तास प्रत्येक खोली मोजली गेली. गंमत म्हणजे खरा आकडा लिहिला असता तरी खोली मापात बसत होती.

म्हणून आम्ही पद्धतच बदलली. फॉर्मसाठी मोजायचं बंद. एकच खोली-नोंदवही: खोलीचा क्रमांक, वापर, आतली लांबी-रुंदी, भिंतीची जाडी, व्हरांडा असल्यास त्याचं माप वेगळं, मोजल्याची तारीख, मोजणाऱ्याची सही. बेरीज लिहायचीच नाही. ज्याला चटई हवं त्यानं एक रकाना घ्यावा, ज्याला बांधीव हवं त्यानं सगळे जोडावेत. ग्रंथालयात पार्टिशन टाकलं की त्याच दिवशी एका ओळीच्या दोन ओळी करायच्या. एक्सेलमध्ये केलंत तरी चालेल, फक्त सेल मर्ज करू नका आणि "अंदाजे" हा शब्द कुठंही नको. सुरुवातीला तीन दिवस गेले, तेही मामा परीक्षेच्या ड्यूटीवर होते म्हणून.

आणि त्या नोंदवहीत पंखे, बाकं घुसडू नका. ती डेड स्टॉकला, म्हणजे सामानाच्या वेगळ्या नोंदवहीत जातात.