संपाच्या दिवशी आत गेलेला कामगार: ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका प्रश्नाची पार्श्वभूमी

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एखाद्या कारखान्यात संप सुरू झाला की गेटवर पहिली चौकशी होते ती आज आत कोण कोण गेले याची. आत गेलेला ‘संपफोड्या’ किंवा ‘मालकाचा माणूस’ ठरतो आणि संप मिटल्यावरही त्याच्याशी बोलणे टाकले जाते. हा राग समजण्यासारखा आहे, कारण संपकऱ्याच्या हाती काम थांबवण्याखेरीज दुसरे बळ नसते. मात्र मुंबई-ठाण्याच्या कामगार चळवळीचा जवळपास शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर आत जाणारा कामगार कोण होता आणि संप जिंकला असता तर त्याच्या पदरात काय पडले असते, हे विचारल्याशिवाय त्याला दोष देणे मला न्यायाचे वाटत नाही.

या इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग गिरण्यांचा आहे. 1928 मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुमारे सहा महिने चालला. त्या काळी अधिक मजुरी मिळवून देणाऱ्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनात, सूत ओवताना ते तोंडाने ओढावे लागे आणि त्यात विटाळ होतो, असे सवर्ण कामगार मानत. मालकाविरुद्ध एकजुटीची हाक देणाऱ्या संघटनेने आधी स्वतःच्या घरातील हा भेद मिटवावा, अशी मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लावून धरली आणि 1929 च्या संपाला त्यांनी उघड विरोध केला. ज्या खात्याचे दार आपल्यासाठी बंद आहे, त्या खात्याच्या मजुरीसाठी उपाशी राहायचे का, हा त्या कामगारांपुढचा खरा पेच होता आणि त्याचे उत्तर संपाच्या नेत्यांनी वेळेत दिले नाही. बाबासाहेब संपाच्या हक्काविरुद्ध होते, असे मात्र यातून कोणी समजू नये. मुंबई प्रांताच्या सरकारने संपावर कडक बंधने घालणारे औद्योगिक विवाद विधेयक आणले, तेव्हा संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचाच हक्क, अशी मांडणी त्यांनी विधिमंडळात केली आणि 7 नोव्हेंबर 1938 रोजी कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून त्याविरुद्धचा एक दिवसाचा संपही घडवून आणला.

कायद्याने आत जाणाऱ्याची बाजू फार लवकर घेतली. 8 एप्रिल 1929 रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्ब फेकला, त्या दिवशी तेथे मालक-कामगार तंट्यांसंबंधीचे व्यापार विवाद विधेयक संमत झाले होते. बेकायदा संपात सामील होण्यास नकार देणाऱ्याला संघटनेतून काढता येणार नाही, दंड करता येणार नाही, असे संरक्षण या कायद्याने दिले आणि 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 35 मध्ये ते कायम राहिले. तत्त्व म्हणून यात गैर काही नाही; परंतु नोटिशीतील त्रुटीवरून किंवा समेटाची बोलणी सुरू असल्यावरूनही संप बेकायदा ठरू शकत असल्याने या संरक्षणाचा लाभ व्यवस्थापनाला किती होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

संरक्षणापुढचे पाऊल बक्षिसाचे होते. मे 1974 च्या रेल्वे संपात, जो 8 तारखेला सुरू होऊन 27 तारखेला मागे घेतला गेला, कामावर राहिलेल्यांना ‘निष्ठावान कर्मचारी’ म्हणून आगाऊ वेतनवाढी आणि त्यांच्या मुलांना नोकऱ्या देण्यात आल्या. ठाणे, डोंबिवली, कल्याण या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या गावांत त्यामुळे एकाच इमारतीत बडतर्फ झालेला आणि बढती मिळालेला शेजारी शेजारी राहू शकत होते.

18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि तो कधीही रीतसर मागे घेतला गेला नाही. मान्यताप्राप्त संघटना, म्हणजे कामगारांच्या वतीने मालकांशी बोलणी करण्याचा कायदेशीर अधिकार असलेली संघटना, असलेला राष्ट्रीय मिल मजदूर संघ संपाच्या विरोधात होता. गिरण्या हळूहळू अर्ध्यामुर्ध्या चालू झाल्या, त्या गावाकडचा आधार संपलेल्या आणि कर्जाने टेकीला आलेल्या माणसांच्या बळावर. संप फोडणारा खरा हात मात्र गिरणीच्या गेटवर नव्हताच. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीचे यंत्रमाग त्या काळात मुंबईच्या गिरण्यांसाठी कापड विणत होते आणि तेथील मागवाल्याला कोणी संपफोड्या म्हटले नाही.

महाराष्ट्राने 1971 मध्ये केलेला, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यासंबंधीचा कायदा मला या सर्वांत समतोल वाटतो. संपात नसलेल्या कामगाराला अंगबळाने अडवणे किंवा धमकावणे ही त्याने संघटनेची अनुचित प्रथा ठरवली आणि कायदेशीर संपाच्या काळात नवी भरती करणे ही मालकाची. मान्यताप्राप्त संघटनेला संपापूर्वी सभासदांचे मतदान घेणे आणि 14 दिवसांची नोटीस देणेही त्याने बंधनकारक केले.

एसटीच्या 2021-22 च्या संपात चित्र उलटे झाले. संघटनांच्या कृती समितीने माघार घेतली तरी कर्मचारी महामंडळाच्या राज्य शासनातील विलीनीकरणाच्या मागणीवर अडून राहिले, हजारोंचे निलंबन झाले आणि 22 एप्रिल 2022 पर्यंत हजर होण्याचा आदेश उच्च न्यायालयाला द्यावा लागला. त्या महिन्यांत गाडी बाहेर काढणारा चालक संघटनेचे ऐकत होता. संघटनेला न जुमानणारे सहकारी घरी होते. फितूर कोणाला म्हणायचे, हे अशा वेळी सांगणे कठीण होते.

वागळे इस्टेट ही 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. या पट्ट्यात एकाच गेटमधून कायम कामगार आणि ठेकेदाराचे कामगार आत जातात. संपाचे मतदान संघटनेच्या सभासदांचे होते आणि ठेकेदाराचा कामगार बहुधा सभासद नसतो. करारातील वाढ त्याला मिळत नाही, आणि तो चार दिवस आला नाही तर चार्जशीट किंवा चौकशी न होता त्याच्या जागी दुसरा माणूस उभा राहतो. संपाच्या सकाळी तो आत जातो, तेव्हा त्याला अडवणाऱ्या संघटनेने मागणीपत्रात त्याच्यासाठी एखादे कलम घातले होते का, हे आधी तपासावे.