वनस्पती तुपापासून संगणक सेवांपर्यंत: विप्रोच्या बदलत्या धोरणाची पार्श्वभूमी

विप्रो हे नाव आज बंगळुरूशी आणि सॉफ्टवेअरशी जोडले जाते. परंतु २९ डिसेंबर १९४५ रोजी या कंपनीची नोंदणी झाली, तेव्हा तिचे नाव ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ असे होते आणि तिचा कारखाना त्या वेळच्या पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, अमळनेर येथे उभा राहिला. भुईमूग पिकवणारा मुलूख आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग या दोन्ही गोष्टी तेलाच्या धंद्याला सोयीच्या होत्या. संस्थापक मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी १९४६ मध्ये भाग सर्वसामान्यांसाठी खुले केले आणि पुढील काळात अमळनेरमधील अनेक कुटुंबे कंपनीची भागधारक झाली. कारखान्यात ‘सनफ्लॉवर’ नावाचे वनस्पती तूप तयार होई आणि त्याच्या जोडउत्पादनांतून ‘७८७’ हा कपडे धुण्याचा साबण निघे.

ऑगस्ट १९६६ मध्ये संस्थापकांचे निधन झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत असलेले त्यांचे पुत्र अझीम प्रेमजी शिक्षण अर्धवट सोडून परतले आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी कारभार हाती घेतला. वनस्पती तुपाच्या धंद्यात नफ्याचे प्रमाण कमी होते आणि त्यावर सरकारी नियंत्रणही होते, त्यामुळे त्यात वाढीला मर्यादा होती. तो बंद करण्याऐवजी त्यांनी त्याला शिस्त लावली. अनुभवी माणसाच्या अंदाजावर चालणाऱ्या कच्च्या मालाच्या खरेदीला मोजमापाची जोड दिली आणि त्यातून येणारा पैसा नव्या उद्योगांकडे वळवला. १९७५ च्या सुमारास हायड्रॉलिक सिलिंडरचे उत्पादन सुरू झाले, ते याच मार्गाने. जुन्या धंद्याच्या उत्पन्नावर नवा धंदा उभा करायचा आणि जुना मात्र सोडायचा नाही, ही पद्धत पुढे जवळजवळ चार दशके टिकली. विप्रोचा इतिहास समजून घेताना अचानक घेतलेल्या एखाद्या धाडसी उडीपेक्षा या पद्धतीलाच अधिक महत्त्व द्यावे लागते.

संगणकाकडे वळण्याची संधी मात्र दिल्लीतील निर्णयामुळे निर्माण झाली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना भारतीय उपकंपनीतील आपला हिस्सा साधारणपणे ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे भाग होते. जनता सरकारच्या काळात या तरतुदीचा आग्रह धरला गेला, आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीने ती अट मान्य केली नाही आणि १९७८ मध्ये ती कंपनी भारतातून बाहेर पडली. बाजारात मोठी पोकळी निर्माण झाली आणि आयातीवरील कडक निर्बंधांमुळे ती देशी कंपन्यांनीच भरायची होती. १९७७ मध्ये ‘विप्रो प्रॉडक्ट्स’ असे नाव घेतलेल्या या कंपनीने १९८० मध्ये या क्षेत्रात येण्याचे ठरवले, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात संशोधनाचे काम सुरू केले आणि इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरवर आधारलेला लघुसंगणक बाजारात आणला. १९८२ मध्ये कंपनीचे नाव ‘विप्रो लिमिटेड’ झाले.

ऐंशीच्या दशकातील या टप्प्याकडे आपल्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही, आणि ते मला अन्यायाचे वाटते. आयबीएमसारखी अवाढव्य कंपनी नसताना, सुटे भाग मिळण्याची मारामार असताना आणि परवान्यांच्या चौकटीत राहून भारतीय अभियंत्यांनी संपूर्ण यंत्रे घडवली, ती चालवणारी मूळ प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) आपल्या यंत्रांना जुळवून घेतली आणि देशभर दुरुस्तीसेवेचे जाळे उभारले. १९८४ पासून अशोक सूता यांनी या विभागाचे नेतृत्व केले. तयार सॉफ्टवेअर विकण्यासाठी १९८३ मध्ये वेगळी कंपनीही काढण्यात आली, पण त्या उत्पादनांना मोठी बाजारपेठ मिळाली नाही. त्याच काळात ग्राहकोपयोगी वस्तूंचा विभागही वाढत होता. १९८५ मध्ये आलेला ‘संतूर’ साबण दक्षिणेत आणि महाराष्ट्रात घरोघरी पोचला, तर १९८९ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीबरोबर वैद्यकीय उपकरणांची भागीदारी झाली.

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनी आधीचे संरक्षण काढून घेतले. आयात शुल्क उतरले, परदेशी बनावटीचे संगणक सहज मिळू लागले आणि स्वतः गेलेली आयबीएम टाटा समूहाच्या साथीने १९९२ मध्ये परत आली. देशी यंत्रांना त्यांच्याशी किमतीत आणि दर्जात बरोबरी करणे अवघड होते. त्या वेळी विप्रोने घेतलेला निर्णय तिच्या इतिहासातील सर्वांत दूरगामी ठरला: यंत्रे घडवण्यासाठी तयार केलेले अभियंतेच परदेशी तंत्रज्ञान कंपन्यांच्या संशोधन-विकासाच्या कामाला लावायचे, म्हणजे आपली प्रयोगशाळा भाड्याने द्यायची. सर्किटची रचना आणि यंत्राच्या अगदी जवळचे प्रोग्रॅमिंग जाणणारी ही माणसे इतर सॉफ्टवेअर कंपन्यांकडे एवढ्या संख्येने नव्हती. दशकाच्या अखेरीस, वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदवणारे जुने प्रोग्रॅम २००० साल उजाडताच चुकतील या अडचणीमुळे अमेरिकेतून कामाचा ओघ आला आणि त्याच सुमारास कंपनीला सॉफ्टवेअर प्रक्रियेच्या दर्जाचे पाचव्या, म्हणजे सर्वोच्च, पातळीचे मानांकन मिळाले. जनरल इलेक्ट्रिकमध्ये घडलेले विवेक पॉल १९९९ मध्ये संगणक व्यवसायाचे प्रमुख झाले. ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात कंपनीची नोंदणी झाली. या यशात एक किंमतही दडलेली होती. स्वतःच्या नावाने जगात विकता येईल असे तांत्रिक उत्पादन घडवण्याची जी उमेद ऐंशीच्या दशकात दिसली होती, ती सेवा व्यवसायातील स्थिर उत्पन्नामुळे मागे पडली. भारतीय संगणक उद्योगातील बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत असेच घडले.

त्यानंतरच्या दशकात वाढीचा मुख्य मार्ग कंपन्या विकत घेण्याचा होता. २००२ मध्ये स्पेक्ट्रामाइंड घेऊन विप्रो कॉल सेंटर आणि कार्यालयीन कामांच्या सेवांत उतरली, तर २००७ मध्ये सुमारे ६० कोटी डॉलर देऊन अमेरिकेतील इन्फोक्रॉसिंग घेतली. तरीही स्पर्धक पुढे जाऊ लागले आणि २०११ मध्ये कॉग्निझंट या संगणक सेवा कंपनीने महसुलात विप्रोला मागे टाकले. त्याच वर्षी दोन संयुक्त मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची व्यवस्था संपवून टी. के. कुरियन यांच्याकडे सूत्रे देण्यात आली.

३१ मार्च २०१३ रोजी जुनी पद्धत औपचारिकरीत्या संपली. साबण, दिवे, हायड्रॉलिक्स आणि वैद्यकीय उपकरणांतील भागीदारी हे सारे ‘विप्रो एंटरप्रायझेस’ या वेगळ्या कंपनीकडे गेले. संगणक व्यवसायावर लक्ष केंद्रित करणे हा त्यामागचा हेतू होता. शिवाय शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत किमान २५ टक्के भाग जनतेकडे असावेत हा बाजार नियामक सेबीचा नियम पाळण्यासाठी प्रवर्तकांचा, म्हणजे प्रेमजी कुटुंबाच्या बाजूचा, हिस्सा खाली आणायचा होता, तेही या योजनेतून साधले. भागधारकांपुढील पर्यायांत विप्रोच्या पाच भागांमागे नव्या कंपनीचा एक भाग घेण्याचा पर्यायही होता, परंतु नवी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नव्हती. अमळनेरच्या जुन्या भागधारकांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ज्या तेल-साबणाच्या धंद्यात त्यांच्या वाडवडिलांनी पैसे गुंतवले होते तो एका कंपनीकडे गेला आणि बाजारात भाव असलेले त्यांचे भाग मात्र संगणक सेवांच्या कंपनीचे राहिले.

२०१९ मध्ये अझीम प्रेमजी कार्यकारी अध्यक्षपदावरून निवृत्त झाले आणि त्यांचे पुत्र रिशद प्रेमजी अध्यक्ष झाले. २०२० मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून आलेल्या थिएरी डेलापोर्ट यांनी पुढच्याच वर्षी वित्तीय क्षेत्राला सल्ला देणारी कॅपको ही कंपनी १४५ कोटी डॉलरना घेतली, आणि एप्रिल २०२४ मध्ये कंपनीतच घडलेले श्रीनिवास पल्लिया यांच्याकडे ते पद आले. जुलै २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर तीन वर्षांत १०० कोटी डॉलर खर्च करण्याची घोषणा झालेली होती. माणसांच्या तासांवर आकारणी करण्याची सेवा व्यवसायाची जी रीत आहे, तिलाच या तंत्रज्ञानाचा धक्का बसण्याची शक्यता असल्याने हे वळण १९९१ च्या वळणाइतकेच अवघड आहे. त्या वेळी संगणक विभाग अडचणीत आला तरी कंपनीच्या हाती साबण आणि तेलाचे उत्पन्न होते. २०१३ नंतर हा बदल संगणक सेवांच्या कमाईतूनच करावा लागणार आहे.