‘उगाच’ या एका शब्दाचा वाद: उपवासकाळातला राग आणि द्वेष

उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या, पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी कॅथलिक मिस्सेत (उपासनेत) मत्तयाच्या शुभवर्तमानातला ५:२०-२६ हा उतारा वाचतात. खून टाळला म्हणजे झाले असे नाही. भावावर रागावणाराही न्यायाला पात्र आहे. दुसऱ्याच दिवशी शत्रूवर प्रीती करण्याचा उतारा येतो. ही जोडी १९६९ च्या वाचनक्रमाने घातली. त्याआधी शत्रुप्रीतीचा उतारा राखेच्या बुधवारनंतरच्या, म्हणजे उपवासकाळ सुरू होताच येणाऱ्या, शुक्रवारी येई, पण रागाचा उतारा पेंटेकॉस्ट या ईस्टरनंतरच्या सणानंतरच्या पाचव्या रविवारी, म्हणजे उपवासकाळ सरून गेल्यावर. राग आणि द्वेष असे लागोपाठ समोर ठेवले, हे फार योग्य झाले.

मुळात उपवासकाळ आणि रागाची तपासणी यांचे नाते बरेच जुने आहे. ३२५ सालच्या निकिया इथल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेच्या पाचव्या नियमानुसार प्रांतातल्या बिशपांनी वर्षातून दोनदा जमायचे होते, त्यातली एक सभा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होण्याआधी. मनातली क्षुद्रता निघून जावी आणि देवाला निर्मळ अर्पण व्हावे, हा हेतू. तपासायचे काय, तर कोणाला मंडळीबाहेर काढले ते बिशपच्या चिडीतून किंवा भांडणातून तर नाही ना. म्हणजे झडती आधी अधिकाऱ्याच्या रागाची.

खरा गुंता आहे मत्तयाच्या त्या उताऱ्यातल्या बाविसाव्या वचनात. ‘जो आपल्या भावावर रागावेल’ की ‘जो उगाच रागावेल’? ग्रीकमध्ये ‘उगाच’ हा चार अक्षरांचा शब्द आहे. चौथ्या शतकातल्या एका प्रसिद्ध हस्तलिखितात पहिल्या लेखनिकाने तो लिहिलेलाच नाही. नंतरच्या हाताने तो घातला. त्याच शतकातल्या दुसऱ्या मोठ्या हस्तलिखितात तो नाहीच. बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याने तो खोडावा असे म्हटले. पाचव्या शतकातल्या एका मठगुरूनेही तेच सांगितले, आणि त्याचे कारण आजही लागू पडते: कितीही क्षुल्लक गोष्टीवरून भडकलेला माणूस ‘मी उगाच रागावलो’ असे कधीच म्हणत नाही. शब्द ठेवला की प्रत्येकाला पळवाट मिळते. तरी पूर्वेकडच्या पाठात तो राहिला, १६११ च्या इंग्रजी बायबलातही. १८८१ च्या सुधारित नव्या करारात तो समासात गेला. शब्द ठेवणाऱ्यांचाही आधार पोकळ नाही. इफिसकरांस पत्रात ‘रागावा, परंतु पाप करू नका’ असे आहे, आणि मार्क ३:५ मध्ये येशू स्वतः रागाने पाहतो. पण सूर्य मावळण्याआधी राग संपवायची मुदतही त्याच पत्रात आहे.

पुढे तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने राग आणि द्वेष वेगळे केले. रागाला माप असते, समोरच्याला पुरेशी शिक्षा झाली की तो शमतो; द्वेषाला हद्द नाही, त्याला समोरच्याचे वाईटच हवे असते. १२१५ पासून वर्षातून किमान एकदा पापांची कबुली बंधनकारक झाली आणि ईस्टरच्या तोंडावर ती देण्याचा रिवाज पडला. ‘मला राग येतो’ एवढेच सांगून ही कबुली भागत नाही. कोणावर, किती दिवसांपासून, त्याचे वाईट झाले तर बरे वाटेल का, हे आधी स्वतःला विचारावे लागते.

‘चाळीस दिवस रागावणार नाही’ हा नवस बहुधा पहिल्याच आठवड्यात मोडतो, कारण रिकाम्या पोटी माणूस अधिक चिडतो. यशया ५८:४ मध्ये हीच तक्रार आहे: उपास करता आणि मुठी उगारता. त्यापेक्षा एकाच माणसाचे नाव घेऊन त्याच्यासाठी रोज प्रार्थना करणे टिकते. मत्तयाच्या उताऱ्यातल्या चोविसाव्या वचनातली सूचनाही नेमकी आहे: अर्पण वेदीपाशी ठेवायचे, आधी समेटाला जायचे. आणि तिथे प्रश्न आपल्या रागाचा नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, म्हणून जायचे. ‘चुकलो, पण तूही’ असे म्हटले की माफी तिथेच बिघडते. मारहाण करणाऱ्याकडे एकट्याने परत जा, असा याचा अर्थ कोणी लावू नये.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत हे विधीतच बसवले आहे. उपवासकाळाच्या आदल्या संध्याकाळी एकेक जण दुसऱ्यापुढे वाकून क्षमा मागतो आणि समोरचा ‘देव क्षमा करो’ म्हणतो.

समूहाच्या द्वेषाकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) कॅथलिक प्रार्थनेत यहुदी लोकांसाठी असलेले ‘अविश्वासू’ हे विशेषण १९५९ साली निघाले. १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, रोममध्ये मंडळीच्या लोकांच्या पापांची सात भागांत कबुली दिली गेली. यहुदी लोकांविरुद्ध झालेल्या पापांची कबुली त्यात स्वतंत्र होती.