मोठी बेट लावली की समोरचा पळतोच?

दिवाळीत इंदूरच्या मराठी घरांत तीन पत्ती रंगली की एखादे काका हमखास सांगतात, ‘पोकरमध्येही हेच! हातात काही नसलं तरी मोठी रक्कम फेका, समोरचा पळतो.’ तसं नाही. तीन पत्तीत ब्लाइंडसमोर (म्हणजे पत्ते न पाहता खेळणाऱ्यासमोर) पत्ते पाहिलेल्याला दुप्पट चाल द्यावी लागते, म्हणून दबाव येतो. पोकरमध्ये ती सोय नाही. पॉट (मध्ये जमलेली रक्कम) १०० चा असताना १०० चा ब्लफ (हातात काही नसताना लावलेली बेट) मारलात, तर तो निम्म्या वेळा तरी चालायला, म्हणजे समोरचा पळायला हवा. ५० चा तीनांतून एकदा चालला तरी भागतं. आणि प्रत्येक बेट कॉल करणाऱ्यासमोर, म्हणजे तेवढेच पैसे लावून टिकून राहणाऱ्यासमोर (असा एक मेहुणा असतोच) ब्लफ वायाच! त्याच्यावर मोठी बेट लावायची ती पत्ते खरंच चांगले असताना. ब्लफ मारायचाच तर फ्लशला (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) एक पत्ता कमी असताना मारावा: कॉल झाला तरी शेवटच्या पत्त्यावर फ्लश लागण्याची साधारण २० टक्के शक्यता उरते.